संतेपासून संतेपर्यंत

आमच्या घरी आठवडा सोमवारी सुरू होत नाही. बंगळुरूतल्या के. आर. पुरमची संते, म्हणजे आठवडी बाजार, ज्या दिवशी भरते, त्या संध्याकाळी भाजीच्या दोन पिशव्या ओट्यावर टेकल्या की तो सुरू होतो. आम्ही दोघं नोकरी करणारे, एक शाळकरी मुलगी आणि अलिबागहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. स्वयंपाकातलं काय आधी करून ठेवावं आणि काय ठेवू नये, हे इथल्या अकरा वर्षांत थोडं थोडं उमगत गेलं.

१. भाजी शिजवून ठेवू नये. पहिल्या वर्षी मी रविवारी बसून पाच भाज्या करायचे आणि डबे भरून फ्रिजमध्ये रचायचे. बुधवारपर्यंत दोडक्याला पाणी सुटलेलं असायचं, भेंडीचा लगदा झालेला असायचा. सासूबाई तोंडाने काही म्हणत नसत. ताक-भात कालवून घेत आणि उठत. मला फार लागायचं ते. एकदा त्या त्यांच्या आईच्या घराबद्दल सांगत होत्या. तिथे भाजणी महिन्याची दळलेली असे, मेतकूट बरणीत असे, वाल आदल्या रात्री भिजत पडलेले असत. हे सगळं आधीच केलेलं, पण त्याला कुणी शिळं म्हणत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोडणी देऊन भाजी शिजायला वीसच मिनिटं लागतात. तास जातो तो निवडण्यात, सोलण्यात, भिजवण्यात, वाटण्यात. तो तास मी आधी काढते आणि फोडणी मात्र रोज संध्याकाळी, जेवायच्या आधी. त्या दिवसापासून आमच्याकडे पान टाकून कुणी उठलेलं नाही.

२. कुठली भाजी कधी संपवायची, ते पिशवी रिकामी करतानाच ठरवावं. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत. इथे सगळ्या पाल्याला ‘सोप्पु’ म्हणतात. शेपू म्हणजे सब्बसिगे सोप्पु, मेथी म्हणजे मेंत्ये सोप्पु. संतेत नेहमीच्या अक्कांकडे जुडी घेतली की त्या देठ धरून झटकतात, माती तिथेच पडते. घरी येऊन मी ती निवडते, धूत नाही, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवते. धुऊन ठेवलेली मेथी दुसऱ्या दिवशी काळवंडते, कोरडी तीन दिवससुद्धा राहते. मग तोंडली, दोडका, दुधी. त्यानंतर उसळ. शेवटी कोबी आणि लाल भोपळा, ते दम धरतात. संतेच्या आदल्या रात्री टोपलीत कांदे-बटाटेच उरतात, म्हणून त्या दिवशी पिठलं ठरलेलं. मुलगी त्या पिठल्याची वाट बघते.

३. माहेरच्या घड्याळाने मोड येत नाहीत. मी सांगलीची. आमच्याकडे उन्हाळ्यात मटकी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी दुपारी टरारून मोड आलेले असत. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. डिसेंबरात रात्री पारा पंधरा-सोळा अंशांवर येतो आणि मटकी नुसती फुगून बसते. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, मटकीच जुनी लागली. आता थंडीत दोन रात्री धरून चालते, पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून डबा फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे ऊब असते तिथे ठेवते. रोज एकदा फडकं पिळून पुन्हा ओलं करते. तसंच राहिलं तर बुळबुळीत होतं आणि वास धरतं. मोड नखाएवढे झाले की डबा फ्रिजच्या आत. तिथून तीन दिवस.

४. डोशाच्या पिठाचे दिवस वाटून घ्यावेत. ही शिकवण शेजारच्या कन्नड आजींची. पीठ आंबलं की पहिल्या दिवशी इडली, कारण फुगवटा तेव्हाच असतो. पुढचे दोन दिवस डोसे. पीठ आंबटावलं की कांदा-मिरची-कोथिंबीर घालून पड्डू, म्हणजे आपले आप्पे. तिथे तो आंबटपणा हवाच असतो. शहरात पिठाच्या पिशव्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, गरजेला मीही आणते. पण घरचं पीठ चार दिवसांत चार चवींचं होतं, ते सुख वेगळं.

५. एका रात्रीची वीज गेली तर जेवढं वाया गेलेलं सोसेल, तेवढंच साठवावं. पावसाळ्यात एकदा रात्रभर दिवे नव्हते. सकाळी ओल्या खोबऱ्याचं आठवड्याचं वाटण आंबून गेलं होतं, आठ नारळांचं. मी ते टाकताना रडले. तेव्हापासून ओलं खोबरं दोन दिवसांपुरतंच वाटते. कांदा आणि सुकं खोबरं तेलावर खमंग भाजून केलेलं वाटण आठवडाभर टिकतं, मोठ्या डब्यात तेच असतं. शेंगदाण्याचं कूट, सोललेला लसूण आणि चिंचेचा कोळ यांची काळजी नाही.

६. भाज्या धुतलेलं पाणी बादलीत धरावं. २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटले, टँकरसाठी फोन करून करून माणसं थकली, तेव्हा लागलेली सवय. कढीपत्त्याचं झाड त्यावरच तगलं.

७. कामं माणसांना वाटावीत, पण त्यांच्या वेळा बघून. नवरा इंदिरानगरहून येतो. टिन फॅक्टरीच्या चौकातून, हँगिंग ब्रिजखालून घरी पोचेपर्यंत त्याच्यात त्राण उरत नसे. ऑक्टोबर २०२३मध्ये बैयप्पनहळ्ळी ते कृष्णराजपुरा, म्हणजे आमचं के. आर. पुरम, हा मेट्रोचा तुकडा जोडला गेला आणि तो उजेडात घरी येऊ लागला. तेव्हाच मी लसूण सोलायचं आणि नारळ खवायचं काम त्याच्याकडे दिलं. आधी मागितलं असतं तर भांडणच झालं असतं.

८. एक काम असं ठेवावं, जे सगळ्यांनी मिळूनच होतं. आमच्याकडे ते जानेवारीत येतं. संतेत अवरेकायीचे, म्हणजे वालाच्या जातीतल्या शेंगांचे, ढीग लागतात. शेंगांच्या सालीला तेलकट, उग्र-गोड वास असतो. इथे त्याला ‘सोगडु’ म्हणतात आणि तो बोटांना लागला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. शेंगा सोलायच्या, दाणे रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि हिरवी डाळ टपकन पातेल्यात पडते. ही हितकिद बेळे. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, या तर डाळिंब्या!” वालाच्या बिरड्यासाठी त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं, फक्त आधी मोड आणून. त्या दिवशी त्या माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. दोन किलो शेंगांचं काम दोन तास चाललं आणि त्या तेवढा वेळ अलिबागच्या स्वयंपाकघराबद्दल बोलत होत्या. रात्री त्यांनी स्वतः फोडणी दिली: जिरं, हिंग, ओलं खोबरं, गूळ, आमसूल. शेजारच्या आजींकडे वाटी पाठवली. ती परत आली ती आजींच्या सारूने भरून, त्याच अवरेच्या, बडीशेप आणि लवंगेच्या वासाची.