पित्त नव्हे, दाण्याचं कूट

आई-बाबांनो, आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कशात नसतं? साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना संक्रांतीच्या लाडवाचा एक तुकडा त्याने खाल्ला आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या. "पित्त उठलंय," म्हणून सासूबाईंनी आमसुलाचं पाणी लावलं. मीही तेच केलं असतं. पण ओठ सुजले, आवाज बसला, खोकल्याची ढास लागली, तेव्हा त्याला उचलून दवाखाना गाठला. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिल्यावर त्याचा श्वास मोकळा झाला.

पित्ताच्या गांधी आणि ॲलर्जीच्या गांधी दिसायला सारख्याच. म्हणून नुसतं अंगाकडे पाहू नका, मुलाकडे पाहा. खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत गांधींबरोबर खोकला, घरघर, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा एकदम गळून जाणं दिसलं, तर ॲड्रेनॅलिनच हवं. ॲलर्जीच्या पातळ औषधाने खाज थांबते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. १०८ ला फोन करा. मुलाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका.

सगळ्यात अवघड असतात आपलीच प्रेमाची माणसं. "एवढ्याशाने काय होतंय?" होतं. कूट कुटलेलं मिक्सरचं भांडं किंवा कोशिंबिरीतली पळीसुद्धा पुरते. पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं, गहू यांची नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे, ती वाचायची सवय लावा. सुट्या फरसाणाला आणि मिठाईला मात्र पाकीटच नसतं. तिथे नाही म्हणायला शिका.

आणि याच्या उलटही सांगते. घाबरून मुलाचं दूध, अंडी, गहू सगळं बंद करू नका. रक्ततपासणीत एखादा पदार्थ "पॉझिटिव्ह" आला म्हणजे तो बाधतोच असं नाही. खाल्ल्यावर काय झालं, हे डॉक्टरांना तारीखवार सांगा, निम्मं निदान त्यातच असतं. दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची थोड्यांचीच.

धाकटं बाळ असेल तर त्याला दाण्यापासून वर्षानुवर्षं लांब ठेवण्याचा सल्ला आता जुना झाला. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लवकर शेंगदाणा खाऊ लागलेल्या बाळांमध्ये ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तरी बाळाला इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि द्याल ते मऊ, पातळ करून. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो.

डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: काय टाळायचं, कोणती लक्षणं, कोणतं औषध, किती. तो फ्रिजवर लावा. एक प्रत शाळेतल्या बाईंना द्या, एक आजी-आजोबांना, आणि त्यांच्याजवळ बसून ती वाचून दाखवा.