हापसा बिघडला तर हाक कुणाला?



या अंकाच्या अभ्यासासाठी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय घरून वाचून यावे. दानावरचे उपदेश आपण या अध्यायातून पुष्कळ ऐकले आहेत. मला आज त्यातला हिशेबाचा भाग घ्यायचा आहे, कारण उपदेशात तो बहुधा राहून जातो. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मासेदोनियासारख्या दूरच्या प्रांतातून वर्गणी जमत होती. आजच्या भाषेत ती परदेशी मदतच. ती रक्कम पौल एकट्याच्या हाती ठेवत नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ तो तीताबरोबर पाठवतो, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेवरून पुढे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये.

परदेशी मदत म्हटली की आपल्या मंडळीत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काहींना वाटते की मिशनच्या कामाला बाहेरून पैशांची पोती येतात, मग आपल्या शंभर रुपयांची काय गरज? आणि काहींना वाटते की बाहेरचा पैसा आला की वस्तीचे प्रश्न सुटले. दोन्ही समज चुकीचे आहेत. ते का, हे समजायला लांब जायला नको. पिशोरहून शेजारच्या जिल्ह्यात, जालन्याला गेले तरी पुरे.

मराठवाड्याची जमीन काळ्या कातळाची. साठच्या दशकातल्या दुष्काळात या कातळात बोअर घ्यायची यंत्रे परदेशी मदतीतून आली. जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन हे काम करत होते. १९६७ पासून युनिसेफनेही भारतात खडक फोडणारी यंत्रे आणली. पाणी लागले, त्यावर बिडाचे हातपंप बसले, फोटो निघाले, अहवाल गेले. आणि पंप बंद पडू लागले. ते पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या धर्तीवर बनलेले होते, एका कुटुंबाने दिवसातून चार-दोन बादल्या काढाव्यात एवढ्यासाठी. इथे एका पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव उभे. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा साधारण चारातले तीन पंप बंद आढळले. खोदाईवर आणखी पैसा घालावा की नाही, असा प्रश्न युनिसेफपुढे उभा राहिला.

उत्तर परदेशातून आले नाही, ते आपल्याकडच्या वर्कशॉपमधून आले. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी बिडाऐवजी पोलादाचा पंप जोडला. दांड्याला अनेक सांधे होते, त्यांच्या जागी एकच सांधा ठेवला आणि खालच्या गजाला साखळीने ओढण्याची सोय केली. अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या अमेरिकन मराठी मिशनमध्येही असेच प्रयत्न चालू होते. सोलापूरच्या वेल सर्व्हिसने त्यात आणखी सुधारणा केली आणि ‘सोलापूर पंप’ तयार झाला. त्यावरून युनिसेफ, सरकारी तंत्रज्ञ आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क दोन’ बनवला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोइंबतूरकडे त्याची चाचणी झाली आणि मग देशभर तो लागला. शाळेच्या आवारात, वस्तीच्या कडेला आपण बहुतेक ठिकाणी पाहतो तो हापसा हाच. त्यावर कुणी पेटंट घेतले नाही, त्यामुळे कोणताही कारखाना तो बनवू शकला. आफ्रिकेतही तो गेला. युगांडात त्यालाच ‘यू टू’ म्हणतात. जालन्याच्या वर्कशॉपमधली साखळी कुठवर पोचली पाहा!

पण चांगला पंपही कधीतरी बिघडतोच. तमिळनाडूत गावात एक देखरेख करणारा, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसह पथक अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था लावली गेली. तरी एक अडचण राहिली. मार्क दोनचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागतात. त्याला तिपाई, माणसे, गाडी लागते. म्हणून पुढे ‘मार्क तीन’ आला. त्याचा पाइप रुंद असल्याने आतला दट्ट्या वरच्या वर ओढून काढता येतो आणि गावातली माणसे स्वतः वॉशर बदलू शकतात.

आता आपल्या भागाकडे येते. पिशोरच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या एका भिल्ल वस्तीवर आमचे काम आहे. दिवाळीनंतर तिथली तरणी माणसे ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे आणि लहान मुले राहतात, आणि पाणी आणायचे काम त्यांच्यावरच येते. वस्तीचा हापसा बंद होता. शेजारच्या शेतातल्या विहिरीवर पाणी मिळे, पण रोज कुणाच्या तरी मेहेरबानीने. आमच्या कामाची माहिती असलेल्या परदेशातल्या एका गटाने सौर पंप, टाकी आणि त्यावर नावाची पाटी अशी मदत देऊ केली. मी वस्तीवर बैठक घेतली. सगळे खूश झाले. एक आजी तेवढी गप्प होती. शेवटी ती म्हणाली, “ताई, ह्ये चांगलंच हाय. पण बिघडलं तर हाक कुणाला मारायची?”

हा प्रश्न मदतीच्या अर्जात कुठेच विचारलेला नव्हता. प्रकल्प बहुतेक दोन-तीन वर्षांचा असतो. वस्तू घेण्यासाठी रक्कम असते, उद्घाटनासाठीही निघते. पाचव्या वर्षीच्या वॉशरसाठी नसते. देणाऱ्यांचे मन वाईट असते असे मी मुळीच म्हणत नाही; पण वॉशरचा फोटो काढून कुणाला पाठवणार?

शिवाय कायदा आहे. परदेशी देणगीचा पहिला कायदा १९७६ चा, त्याच्या जागी २०१० चा आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून नोंदणी असलेल्या संस्थेलाही आलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसे घेई आणि आमच्यासारख्या लहान कामांना वाटून देई. ती वाट आता बंद आहे. रक्कम आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. दरवर्षी हिशेबाचे विवरण द्यावे लागते. हिशेब मागणे योग्यच आहे. पौलानेही तेच केले. पण दरमहा वस्तीवर जाऊन नट आवळायला सांगणारा माणूस कागदावर कशात धरायचा, हा प्रश्न लहान कामांना भारी पडतो, आणि मला वाटते त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. तुमचा मुलगा दुबईत नोकरीला आहे आणि त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. भाच्याने ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल तर मात्र त्याची ठरते, मग तो नाताळला घरी येऊन रुपयांत देईना का. देणगी देताना हे आम्हाला आधी कळवत जा.

वस्तीवर शेवटी जुना हापसाच दुरुस्त करायचे ठरले. परदेशातल्या मित्रांना आजीचा प्रश्न आम्ही जसाच्या तसा लिहून पाठवला, आणि सौर पंपाचा विचार तूर्त बाजूला ठेवला. सडलेले तीन पाइप, वॉशर आणि साखळी यांचा खर्च आपल्याच मंडळीच्या वर्गणीतून झाला. घरटी महिन्याला वीस रुपये जमतात; वही एका बाईकडे आणि डबा दुसरीकडे, ही वाटणी त्यांनी स्वतः केली. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे जाण्याआधीच सहा महिन्यांचे देऊन जातात. दोन पोरांना मेकॅनिकने पाने धरायला शिकवले आहे. पाइप वर काढायची वेळ आली तर अजूनही तालुक्याहून माणूस बोलवावा लागतो, आणि तो लगेच येतोच असे नाही. म्हणून तिपाई आणि पान्यांचा संच वस्तीवरच ठेवायचा आहे. त्यासाठी पुढच्या महिन्याची वर्गणी वेगळी काढली जाईल.