विरजणाचा अदृश्य शत्रू

राजारामपुरीतल्या घराघरांत रात्री कोमट दुधाला चमचाभर विरजण लावतात आणि सकाळी दही तयार असते. विरजणातील जीवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात व त्या आम्लाने दूध घट्ट होते. चीज करण्याची सुरुवातही अशीच होते. मात्र कारखान्यात टाकीभर दुधाला निवडून वाढवलेले, मोजक्याच वाणांचे जीवाणू लावतात.

कधीकधी तासन् तास गेले तरी टाकीतले दूध आंबतच नाही. असे का व्हावे? गाईम्हशींना दिलेले प्रतिजैविक दुधात उतरले असेल का? की आणखी काही? याची परीक्षा सोपी आहे. बिघडलेल्या दुधाची निवळी इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळा, की जीवाणू वरच अडकतील. गाळलेला थेंब विरजण लावलेल्या ताज्या दुधात टाका. तेही आंबले नाही, तर त्याच्या निवळीचा थेंब तिसऱ्या दुधात टाका. औषध असेल, तर ते दर वेळी विरळ होऊन निष्प्रभ होईल. पण परिणाम टिकून राहिला, तर निवळीत वाढणारे काहीतरी आहे, हे निश्चित!

ते म्हणजे जीवाणूंना ग्रासणारे विषाणू, अर्थात फाज. न्यूझीलंडच्या व्हाइटहेड व कॉक्स यांनी १९३५ मध्ये चीजच्या विरजणात ते असल्याचे दाखवले.

आता थोडा हिशेब करू. समजा, १० लाख जीवाणूंत एकच फाज शिरला. जीवाणू दर ४० मिनिटांनी दुप्पट होतात आणि तेवढ्याच वेळात ग्रासलेला एक जीवाणू फुटून १०० फाज बाहेर पडतात. मेलेले जीवाणू वजा न करताही, तिसऱ्या फेरीअखेर जीवाणू ८० लाख, तर फाज १० लाख. चौथ्या फेरीअखेर जीवाणू १ कोटी ६० लाख, पण फाज १० कोटी! पावणेतीन तासांच्या आत डाव उलटला.

काही फाज दूध पाश्चरीकृत करण्याच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. म्हणून भांडी क्लोरीनने धुतात, निवळी विरजणापासून दूर ठेवतात आणि जीवाणूंचे वाण आलटूनपालटून वापरतात. कारण एक फाज सहसा ठरावीक वाणांनाच ग्रासतो. घरच्या विरजणात अनेक वाण एकत्र नांदतात. एक बळी पडला, तरी दुसरे काम पुढे नेतात.

जीवाणूही स्वस्थ बसत नाहीत. वाचलेले काही जीवाणू फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएमध्ये जपतात आणि पुढच्या हल्ल्यात त्यावरून शत्रू ओळखतात. दह्यातल्याच एका जीवाणूवरील प्रयोगांनी हे २००७ मध्ये सिद्ध झाले. अशाच यंत्रणेतून जनुके कापणारी कात्री घडवल्याबद्दल शार्पांतिए व डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.