अकाली जन्म, मेंदूतील रक्तस्राव आणि आनुवंशिकता

सुमारे ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकाच्या मेंदूतील पोकळ्यांलगत 'जर्मिनल मॅट्रिक्स' हा पेशीसमृद्ध भाग असतो. तेथील रक्तवाहिन्या अत्यंत नाजूक असल्याने रक्तप्रवाहातील चढउतारांनी त्या फुटतात. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांत होतो.

परंतु सारख्याच वजनाच्या दोन अर्भकांपैकी एकालाच तो का व्हावा? या प्रश्नाचे अंशतः उत्तर जनुकांत आहे. रक्तवाहिनीच्या भित्तीस आधार देणारे कोलेजन घडविणाऱ्या 'सीओएल४ए१' जनुकातील दोषामुळे गर्भावस्थेतही रक्तस्राव होऊ शकतो. हा दोष माता किंवा पित्यात असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. 'फॅक्टर फाइव्ह लायडन'विषयीचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. म्हणून प्रत्येक अकाली अर्भकाची ती तपासणी करण्याचे प्रयोजन नाही.

तेलंगणात मामा-भाचीचे, तर आपल्या मराठी समाजात मामाच्या मुलीशी विवाह परिचित आहेत. अशा नात्यांत फॅक्टर १३ च्या कमतरतेसारखे अप्रभावी दोष प्रकट होण्याचा संभव वाढतो. त्यात नाळेतून रक्त येत राहते, मेंदूतही रक्तस्राव होतो. तरीही पीटी व एपीटीटी सामान्य असतात. त्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते.

म्हणून गर्भवतीस अवश्य विचारावे : विवाह नात्यात झाला आहे काय? पूर्वीचे मूल रक्तस्रावाने दगावले काय? उत्तर होकारार्थी असल्यास जनुकीय सल्ला घ्यावा. जनुके बदलता येत नाहीत. पण अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच मातेस स्टिरॉइड देणे आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच प्रसूती करविणे, हे आपल्या हाती आहे.