सूर कोठून येतात?



मिस्सा संपल्यावर एखाद्या गाण्याचे कौतुक करताना आपण सहज म्हणतो, "आवाज म्हणजे देवाची देणगी!" हे खरेच आहे. पण तेवढे म्हणून आपण थांबलो, तर पुढे घोटाळा होतो. ज्याला गाता येत नाही तो समजतो, आपल्याला देणगी मिळाली नाही, विषय संपला. ज्याचे मूल गाते तो म्हणतो, त्याच्यात ते उपजतच आहे, शिकवायचे काय? आणि ही देणगी कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, हे विचारायचे राहून जाते.

आजच्या पाठात आम्ही हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवत आहोत. माणसाला संगीत करण्याची प्रेरणा मिळते, ती कशामुळे?

पवित्र शास्त्राच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेखाच्या घराण्याची माहिती येते. त्याचा एक मुलगा याबाल हा गुरेढोरे पाळणाऱ्यांचा मूळपुरुष, तुबल-काइन हा धातूंची हत्यारे घडवणारा आणि युबाल हा तंतुवाद्य व बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष, असे तेथे सांगितले आहे. उपजीविका, अवजारे आणि संगीत एकाच घरात! शिवाय वाजवणाऱ्यालाही पूर्वज असतो, हे शास्त्रकर्त्याला सांगावेसे वाटले. वाजवणारा आकाशातून पडत नाही.

एक ओळखीचे नाव

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट १९७७ सालचा. ईस्टरच्या मेजवानीत भल्या मोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतात आणि आपले नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे गाऊन सांगतात. हे गाणे ठाऊक नाही असे घर आपल्या धर्मग्रामात सापडणार नाही. पण या नावाचा खरा माणूस होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली माजोर्डा या गावी झाला. हे गाव साष्टी तालुक्यातले. मात्र ही साष्टी गोव्याची, मुंबईजवळची नव्हे. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९४३ मध्ये, ते मुंबईला आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे त्यांनी अनेक चित्रपटांच्या संगीताचे संयोजन केले, शिष्य घडवले. १८ जानेवारी २०१२ रोजी ते देवाघरी गेले.

हा माणूस संगीतकार कसा झाला? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे प्रत्येकाला पाठ करावी लागतात. पाठ करताना ती रुक्ष वाटतात, पण आपल्याकडचे कुंभाराचे उदाहरण घेतले की सोपी होतात. मडके कशापासून झाले? मातीपासून. कोणत्या आकारात? घटाच्या. कोणाकडून? कुंभाराकडून. कशासाठी? पाणी साठवण्यासाठी. यातले एक जरी उत्तर सुटले, तरी मडक्याची हकिगत अपुरी राहते. हेच चार प्रश्न संगीताला विचारून पाहू.

१. कशापासून?

संगीताची माती म्हणजे कानावर पडलेले स्वर. त्या काळच्या साष्टीतील मुलाच्या कानावर काय पडत असेल? रविवारी व सणावारी चर्चमधले लॅटिन गायन, घरच्या प्रार्थनेतली कोंकणी गीते, लग्नाकार्यात मांडो. मांडो तर याच साष्टी भागातल्या ख्रिस्ती घरांत एकोणिसाव्या शतकात बहरला. तो ऐकायला दूर जावे लागत नसे. काका, मावशी, शेजारी, सगळे गाणारेच. मुलाला ते गाणे शिकावे लागत नव्हते, ते घरात होतेच.

मुंबईत आल्यावर तरुण अँथनीच्या कानावर दुसरी माती आली. सारंगी, सतार, तबला आणि राग. हे आपले नाही असे म्हणून त्यांनी कान मिटले नाहीत. त्यांनी हिंदुस्तानी संगीताचा अभ्यास केला. प्रेरणा पुष्कळदा अशी येते. घरातले स्वर कानात पक्के असतात, म्हणून बाहेरचे स्वर ऐकताना माणूस घाबरत नाही.

आपल्या मुलांच्या कानांचे काय? ऐकायला त्यांच्याकडे आज आख्खे जग आहे. मोबाइलमध्ये हवे ते गाणे हवे तेव्हा मिळते. पण शेजारी बसून गाणारे माणूस कमी झाले आहे. ऐकणे वाढले, गाणे घटले. आई भाकरी भाजताना गुणगुणते, ते सूर मूल कायमचे घेऊन जाते.

२. कोणत्या आकारात?

माती नुसती असून भागत नाही, तिला आकार लागतो. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडून शाळा असत. तिथले मेस्त्रे, म्हणजे गुरुजी, मुलांना अक्षरांबरोबरच दो-रे-मी शिकवत आणि हातात व्हायोलिन देत. ही स्वरनामेदेखील ख्रिस्तसभेच्या अंगणातली आहेत. अकराव्या शतकात ग्वीदो नावाच्या बेनेडिक्टाईन संन्याशाने गायकवृंदातील मुलांना स्वर चटकन ओळखता यावेत म्हणून संत योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्रातील चरणांची आरंभीची अक्षरे घेतली, त्यांतून ही नावे आली.

गावातल्या या शिक्षणाचे मोल पुढे मुंबईत कळले. १९४० आणि ५० च्या दशकांत चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत गेले. संगीतकाराच्या मनात चाल असे, पण वीस व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांनी एकाच वेळी काय वाजवायचे, ते कागदावर लिहावे लागे. शिवाय गायक आणि वादक सगळे एकत्र बसून ध्वनिमुद्रण करीत. एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. अशा ठिकाणी पाच रेघांवरचे संगीत लिहिणारा आणि वाचणारा माणूस मोलाचा ठरला. शंकर-जयकिशन यांच्याकडे सबॅस्टियन डिसूझा होते. आपल्या मराठी मातीतले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांच्या साथीला चिक चॉकलेट होते. दोघेही गोव्याचे.

गोन्साल्विस यांना याहूनही पुढचे कोडे सोडवायचे होते. पाश्चात्य संगीतात तीन-चार स्वर एकदम वाजतात. सा, ग आणि प मिळून तिथला अगदी पहिला, सोपा स्वरसमूह होतो. आता वृंदावनी सारंग घ्या. त्यात गंधार वर्ज्य आहे, म्हणजे 'ग' लावायचाच नाही! मग रागाचे पावित्र्य राखून हे स्वर एकत्र कसे बांधायचे? गोन्साल्विस या प्रश्नाशी झुंजत राहिले. सारंग रागात त्यांनी व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचे कार्यक्रम झाले आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले.

दुसऱ्याचा आकार प्रेमाने स्वीकारण्याची ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी गाता-वाचता येईल असे काही हवे होते. फादरांनी लॅटिन छंद त्यांच्यावर लादला नाही. त्यांनी मराठी ओवी शिकून घेतली आणि १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापून झाले. लोकांची गरज ही त्यांची प्रेरणा होती आणि लोकांचीच ओवी हा त्यांचा आकार.

३. कोणाकडून?

अँथनी यांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच. ते माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त्रे होते. मोठ्या शहराने त्यांची दखल घेतल्याचे आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी आपले काम केले. दर रविवारी गायकवृंद उभा केला आणि मुलाच्या हाती वाद्य दिले.

मुलाने तेच पुढे केले. मुंबईत पंडित रामप्रसाद शर्मा हे ट्रम्पेटवादक होते. त्यांचा मुलगा प्यारेलाल व्हायोलिन शिकायला अँथनी सरांकडे आला. राहुलदेव बर्मन यांनीही त्यांच्याकडे धडे घेतले. विद्यार्थी कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रांताचा, हे तिथे आड आले नाही. वाद्य काखेत घेऊन आलेला मुलगा, एवढी ओळख पुरेशी होती.

पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीने 'अमर अकबर अँथनी' चे संगीत केले. त्या विनोदी गाण्यात झळकलेले नाव ही प्यारेलाल यांची गुरुवंदना होती. आता साखळी पाहा. माजोर्ड्याचे मेस्त्रे, त्यांचा मुलगा अँथनी, त्याचा शिष्य प्यारेलाल आणि मग देशभरातले कोट्यवधी कान. चर्चच्या माडीवर उभे राहून मुलांना सूर लावायला शिकवणाऱ्या त्या वडिलांना याची कल्पनाही नसेल.

ज्या वादकांनी आणि संयोजकांनी ती सोन्यासारखी गाणी उभी केली, त्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत क्वचितच येत. स्वतः गोन्साल्विस १९६५ मध्ये अमेरिकेला गेले, पुढे माजोर्ड्यास परतले आणि शांतपणे राहिले. पडद्यावरच्या अँथनीला सगळे ओळखत होते. गावातल्या अँथनीला शेजारी ओळखत होते.

४. कशासाठी?

हा प्रश्न नाजूक आहे. गोव्याचे वादक मुंबईला आले ते पोटासाठी. हॉटेलात, नाट्यगृहात, स्टुडिओत जिथे काम मिळाले तिथे त्यांनी वाजवले. त्यात कमीपणा नाही. पोटासाठी केलेले काम मन लावून केले की तीही सेवाच असते. एकाच संगीतामागे भाकरी, हौस, नाव मिळवण्याची इच्छा, गुरूचे ऋण आणि देवाची भक्ती हे सगळे मिसळलेले असू शकते. आपण माणसे आहोत, आपले हेतू गाळून शुद्ध केलेल्या पाण्यासारखे नसतात.

संत ऑगस्टीन यांनाही हा प्रश्न छळत होता. बाप्तिस्म्याच्या दिवसांत मिलानच्या चर्चमधील गायन ऐकून आपले डोळे पाझरले, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे महागुरू झाल्यावर त्यांना शंका येई की, गाण्यातल्या अर्थापेक्षा आपण सुरांनीच तर भारावत नाही ना? म्हणून चर्चमधले गाणे बंद करावे, असे मात्र त्यांनी ठरवले नाही. त्या अश्रूंची आठवण त्यांनी मोलाची मानली. आम्हाला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. हेतू तपासत राहावे आणि गातही राहावे.

आपल्या धर्मग्रामासाठी

आता हे चार प्रश्न घरी आणू. आपल्यातील काही घरांत आजोबांचे व्हायोलिन कपाटावर धूळ खात आहे. लग्नाच्या मिस्सेला तयार ध्वनिमुद्रित गाणे लावून देण्याची मागणी वाढते आहे. कीबोर्डचे एक बटण दाबले की ताल आपोआप वाजतो. यंत्रावर आमचा राग नाही. पण यंत्राच्या जवळ उभे राहून मुलाला त्याची चूक प्रेमाने दाखवणारे कोणी नसेल, तर पुढचा गाणारा घडणार कसा? गायकवृंदातील आजचे वडीलधारे आवाज थकतील, तेव्हा त्यांची जागा घेणारे आवाज आजच आठ-दहा वर्षांचे असायला हवेत. एका पिढीने शिकवणे सोडले, की पुढच्या पिढीला शिकायचे आहे हेही कळत नाही.

म्हणून आमची तीन साधी मागणी आहेत. पहिली, आठवड्यातून एक दिवस तरी घरच्या रोझरीनंतर मोबाइल बाजूला ठेवून सर्वांनी मिळून एक गीत गावे. बेसूर झाले तरी चालेल. दुसरी, आजी-आजोबांना येणारी जुनी गाणी नातवंडांनी त्यांच्या तोंडून शिकून घ्यावीत. तिसरी, जे गायकवृंद शिकवतात, वाजवतात, सरावाला वेळेवर येऊन मुलांची वाट पाहत बसतात, त्यांच्याकडे आपली मुले पाठवावीत आणि मिस्सेनंतर दोन शब्द कृतज्ञतेने बोलावेत.

यातला कोणता मुलगा वा कोणती मुलगी उद्या काय गाईल, हे आज सांगता येणार नाही. माजोर्ड्याच्या मेस्त्र्यांनाही ते सांगता आले नसते. त्यांनी रविवारचा सराव चुकवला नाही, एवढेच.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. तुम्ही पहिले गाणे कोणाच्या तोंडून ऐकले? त्या व्यक्तीचे नाव मुलांना सांगा.

२. आपल्या घरात आठवडाभरात गाणी किती ऐकली जातात आणि किती गायली जातात?

३. दुसऱ्या भाषेतील वा परंपरेतील कोणत्या संगीताने तुमची श्रद्धा किंवा तुमचे मन समृद्ध केले?

४. तुम्हाला येणारी कोणती कला तुम्ही या वर्षी एका तरी मुलाला शिकवू शकाल?