मडफ्लॅपची पुनर्जोडणी : योग्य नट-बोल्टची निवड

कीड-रोग सर्वेक्षणासाठी शिवारात फिरणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपचा मडफ्लॅप बहुधा गाडी मागे घेताना तुटतो. रबराचे खालचे टोक चाक आणि बांध यांच्यात सापडते, मागे फिरणारे चाक ते खाली ओढून घेते आणि प्लॅस्टिकच्या मूळ क्लिपा एकामागून एक निखळतात. मग गॅरेजमध्ये हाताशी असलेला सर्वांत जाड बोल्ट घालून तो अंगच्या जोराने आवळला जातो. पुढच्या खेपेस रबराऐवजी गाडीचा पत्राच फाटतो.

मडफ्लॅपविना गाडी चालवणे हाही पर्याय नव्हे. चाकाने उडवलेला चिखल गाडीच्या तळभागात सर्वत्र जाऊन बसतो, धुतला जात नाही आणि पुढच्या गावी गळून पडतो. बटाट्यावरील पुटी सूत्रकृमीची नोंद भारतात प्रथम १९६१ मध्ये निलगिरीत झाली. या सूत्रकृमीच्या मृत मादीचे शरीर हीच अंड्यांची कठीण पुटी असते आणि ती मातीत अनेक वर्षे तग धरते. अशा मातीचे ढेकूळ एका शेतातून दुसऱ्या शेतात नेण्याचे काम सर्वेक्षणाच्या गाडीनेच करावे, यापरते दुर्दैव कोणते? फ्लॅप असावा, आणि मागे साचलेला चिखल धुण्यासाठी तो काढताही यावा. या एका अटीमुळे रिव्हेट बाद होते. पत्र्याचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात व त्यांचे भोक दर खेपेस मोठे होते, तेही टाळावेत.

राहता राहिला नट-बोल्ट. सामान्य ४.६ प्रतीचा एम ६ बोल्ट, म्हणजे १० नंबरचा पाना लागणारा, ताणात सुमारे ८०० किलो वजनाइतका भार सोसतो. ८.८ प्रतीचा त्याच्या दुप्पट. मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेल्या पत्र्याची किंवा रबराची कड त्याच्या कितीतरी आधी फाटते. म्हणून एम ८ किंवा अधिक उच्च प्रतीचा बोल्ट घेण्यात अर्थ नाही. खर्च करावयाचा तो वॉशरवर. एम ६ चा नेहमीचा वॉशर बाहेरून १२ मि.मी. असतो, रुंद वॉशर १८ मि.मी.; दाब पसरण्याचे क्षेत्र त्याने अडीच पटींहून अधिक वाढते. फ्लॅपच्या पूर्ण रुंदीची २५ मि.मी. रुंद लोखंडी पट्टी रबरावर ठेवून तिच्यातून बोल्ट घातल्यास त्याहून उत्तम. क्लिपांची जुनी, वेडीवाकडी झालेली भोकेही तिच्याखाली झाकली जातात.

रबराचा एक स्वभाव येथे ध्यानात घ्यावा लागतो. दाबाखाली ते हळूहळू बसते. साधा नट बोल्टमधील ताणामुळे जागेवर राहतो. रबर बसले की ताण उतरतो आणि नट फिरू लागतो. स्प्रिंग वॉशरचा येथे फारसा उपयोग होत नाही. नायलॉक नटमधील नायलॉनचे कडे मात्र आट्यांना स्वतंत्रपणे धरून ठेवते, ताण उतरला तरी. तोच वापरावा, आणि वॉशरची कड रबरात किंचित रुतू लागताच आवळणे थांबवावे. बोल्टचे गोल डोके चाकाच्या बाजूस व नट मागच्या बाजूस ठेवल्यास आटे चिखलाने बुजत नाहीत आणि टोकाने टायरलाही इजा होत नाही.

धातूची निवड गाडीत काय वाहून नेले जाते त्यावर ठरावी. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट कोरड्या भागात पुरेसा आहे. मात्र बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद नेणाऱ्या गाडीत तो टिकत नाही. मोरचुदाचे द्रावण आधी जस्त खाते, मग लोखंड, आणि जागी तांब्याचा थर बसवते. लोखंडी भांड्यात बोर्डो करू नये म्हणतात त्याचे कारण हेच. तेथे, तसेच किनारपट्टीवर, स्टेनलेस बोल्ट घ्यावा. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर कोरडा फिरवला तर आटे जाम होतात आणि शेवटी करवत लागते, म्हणून आट्यांना थोडे ग्रीस लावावे.

बांधांवर रोज मागे-पुढे करणाऱ्या गाडीसाठी धातूच्या बोल्टऐवजी काळ्या नायलॉनचा एम ६ बोल्ट अधिक शहाणपणाचा. धातूच्या मानाने तो फार कमी ताणात तुटतो, म्हणून फ्लॅप चाकाखाली आला तर बोल्ट जातो, पत्रा वाचतो. उन्हाने तो ठिसूळ होतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बदलावा आणि चार जादा बोल्ट गाडीत असू द्यावेत.

नवे भोक पाडण्यापूर्वी पत्र्यामागे वायर, ब्रेकची नळी किंवा इंधनाची नळी नाही याची खात्री करावी. भोकाची उघडी कड घासून तिला जस्तयुक्त प्रायमर व रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच बोल्ट घालावा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर सर्व नट पुन्हा एकदा तपासावेत.