बीएमआय ठीक, पण पोटाचं काय?

प्रश्न : वय 42, उंची 165 सेंमी, वजन 62 किलो. बीएमआय 22.8 येतो, तरी पोट सुटलंय. काळजी करू का?
– एक दुकानदार, उल्हासनगर कॅम्प 1

उत्तर : करा. आपल्याकडच्या निकषाने 23च्या आत म्हणजे ठीक. पण चरबी किती आणि कुठे, हे बीएमआय सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1! ‘लॅन्सेट’ने 2004 साली दोघांचा फोटोच छापला.

म्हणून पोटाचा घेर मोजा. पँटच्या नंबरावर जाऊ नका, ती पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. 90 सेंमीच्या वर भरलं, तर उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब याच आठवड्यात तपासून घ्या.